‘पोचोंग’ मराठीत: सबटायटलच्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

डिस्क एकदाची हातात पडली. दिग्दर्शक येझी काव्हालेरोविच यांचा ‘पोचोंग’, पोलंड, १९५९, कृष्णधवल. पोचोंग म्हणजे आगगाडी. इंग्रजीत तो ‘नाइट ट्रेन’ नावाने ओळखला जातो. खर्च आताच लिहून ठेवते, नंतर विसरायला होतं: डिस्क २,४०० रुपये, टपाल १,१५०, कस्टम ९८०. एकूण ४,५३०.

हे काम आजीसाठी आहे. ती ८८ वर्षांची आहे. रोजचा मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, इंग्रजी तिला येत नाही. तिचं लहानपण कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याजवळ गेलं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे इथे आलेली. ती गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. आजीचे वडील त्या छावणीत दूध घालायचे. “ती माणसं आपल्या गावाला जाऊन पुढं कशी जगली गं?” हे ती मला अधूनमधून विचारते. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण १९५९ सालच्या पोलंडमधल्या एका रात्रीच्या गाडीचा डबा तिला दाखवता येईल, आणि त्यात बसलेली माणसं काय बोलतात ते मराठीत लिहिता येईल.

सिनेमा रहस्याचा आहे. बाल्टिक समुद्राकडे निघालेली रात्रीची गाडी. काळा चष्मा घातलेल्या येझीला एकटं राहायचंय, म्हणून तो दोन बर्थची अख्खी कूपे मागतो. आत मार्ता नावाची बाई आधीच बसलेली असते आणि ती उठायला तयार नसते. तिच्या मागे लागलेला स्ताशेक त्याच गाडीत असतो. बायकोचा खून करून पळालेला माणूसही गाडीत असल्याची कुजबुज होते आणि पोलीस चढतात. पुढच्या नोंदींत खुनी कोण हेही येणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक नेमकी तिथेच झाली. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी तो आधी पाहावा.

आपल्याकडे फिल्म सोसायट्यांत पोलिश सिनेमाचा विषय निघाला की वाइदा आणि किश्लोव्स्की या दिग्दर्शकांवरच बोलणं होतं. काव्हालेरोविच मागे राहतात. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१४ मध्ये निवडलेल्या २१ पोलिश चित्रपटांत ‘पोचोंग’ होता, तरी मी कोल्हापुरात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणीही तो पाहिलेला नव्हता.

१४ जानेवारी, रविवार

चार संध्याकाळी वाया गेल्या. कारण साधं आहे, पण मला ते आधी कळलं नाही.

डिस्कवरची इंग्रजी सबटायटलं चित्राच्या रूपात असतात, त्यातला मजकूर थेट काढता येत नाही. म्हणून वेळांचा सांगाडा म्हणून मी आयती इंग्रजी एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी मजकुराची फाइल) घेतली. सुरुवातीला ओळी बरोबर पडत होत्या. दहाव्या मिनिटाला त्या मागे राहू लागल्या आणि तासाभराने तर माणूस बोलून कूपेतून निघून गेल्यावर त्याचं वाक्य उमटत होतं. मी सगळ्या ओळी मिळून काही मिनिटं अलीकडे ओढल्या. शेवट जुळला, सुरुवात बिघडली. मग फाइलचे तीन तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा सरकवला. तेही जोडाच्या जागी चुकलं.

खरं कारण असं: माझी डिस्क युरोपातली आहे. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा तिथल्या टीव्हीसाठी सेकंदाला २५ चौकटींनी चालवतात, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपतो. फाइल २४ चौकटींच्या प्रतीवरून केलेली होती. एका तासाला फरक पडतो २ मिनिटं २४ सेकंदांचा. नुसतं सरकवून हे कधीच जुळणार नाही, सगळ्या वेळांना ०.९६ ने गुणावं लागतं. ‘सबटायटल एडिट’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चौकटींचा वेग बदलायची सोय आहे. एका मिनिटाचं काम.

ओळखायची खूण लिहून ठेवते. चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल तर सरकवा. चूक वाढत जात असेल तर वेग तपासा.

२८ जानेवारी, रविवार

इंग्रजीवरून ३१० ओळी मराठीत झाल्या. रोज रात्री दीड तास. वाचून पाहिलं तर सगळी माणसं सारखीच बोलतात. वकील, पाद्री, अटेंडंट, पोलीस, सगळ्यांचा आवाज एक. इंग्रजीत सगळीकडे ‘यू’ आहे, आणि तिथे ‘तू’ घालायचं की ‘तुम्ही’ हे मी चेहऱ्यावरून ठरवत होते. मार्ता आणि येझी यांच्यात तर मी पहिल्या अर्ध्या तासातच ‘तू’ करून टाकलंय. का केलं, ते मला सांगता येत नाही. देखणी माणसं आहेत, एका कूपेत आहेत, एवढंच कारण असावं.

हे बरोबर वाटत नाही. पुण्यात पोलिश शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांना विचारायचं ठरवलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमशी फोनवर दोन तास बोलले. त्या सगळा सिनेमा ऐकून पोलिश संवाद तपासून देणार आहेत. मानधन सहा हजार ठरलं. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच विचारलं, “तुम्ही इंग्रजीवरून कशाला करताय? मराठीला पोलिश जास्त जवळ पडते.”

आज कळलेल्या गोष्टी.

पोलिश लोक अनोळखी पुरुषाला ‘पान’ आणि बाईला ‘पानी’ म्हणतात, आणि क्रियापद तृतीयपुरुषी लावतात. आपण “साहेब बसणार का?” किंवा “बाई कुठे निघाल्या?” असं समोरच्यालाच विचारतो, तसंच. रात्रीच्या गाडीतली परकी माणसं एकमेकांशी असंच बोलणार. मार्ता आणि स्ताशेक यांचं जुनं नातं आहे, तिथे एकेरी. इंग्रजीत हा भेद पुसला जातो. इथे तर सगळी गंमत त्याच भेदात आहे. ज्याच्याशी ओळख आहे तो एकेरीत बोलतो, आणि त्याच्यापासून तिला सुटायचंय. ज्याच्याशी ओळख नाही तो पान-पानी करतो, आणि त्याच्या समोर तिला मन मोकळं करता येतं.

दुसरी गोष्ट भूतकाळाची. पोलिशमध्ये ‘मी होतो’ म्हणजे ‘बिवेम’ आणि ‘मी होते’ म्हणजे ‘बिवाम’. बोलणारा बाप्या की बाई हे क्रियापदातच कळतं, मराठीसारखं. या सिनेमात अरुंद पॅसेजमध्ये दारांमागून, पाठमोऱ्या माणसांकडून, एकमेकांवर आदळत आवाज येतात. तिथे ‘झोपलो नाही’ आणि ‘झोपले नाही’ यातला फरक वाचणाऱ्याला कोण बोललं ते सांगून टाकतो. इंग्रजीवरून करताना मी अशा ओळी पुरुषांच्या तोंडी घातल्या होत्या. मॅडमनी पहिल्या २० मिनिटांत सहा ठिकाणी बाई बोलतेय हे दाखवलं.

३१० ओळी टाकून दिल्या. तीन आठवड्यांचं काम होतं. पण डागडुजी करत बसले असते तर त्यात इंग्रजी उरलीच असती.

१० फेब्रुवारी, शनिवार

आजीला पान-पानीची गोष्ट सांगितली. ती ताडकन उठून बसली. “प्रोशे पानी!” म्हणाली. ऐंशी वर्षांनी, उच्चारासकट. मॅडमना विचारलं तर ‘प्रोशे पानी’ म्हणजे ‘अहो बाई’, ‘ऐका ना बाई’ असं हाक मारायचं बोलणं.

आजी म्हणाली, “आमाला वाटायचं पाणी मागत्यात. आमी पोरं धावत तांब्या घिऊन जायचो. त्या बाया हसायच्या आन् पाणी प्यायच्या बी.”

हे कामाचं नाही, तरी लिहून ठेवलं. आणि कामाचंही आहे: ऐकू येणारा शब्द तिला ओळखीचा असेल तर तिची नजर सबटायटलवरून चेहऱ्याकडे जाईल. ‘प्रोशे पानी’ जिथे नुसती हाक आहे तिथे मी सबटायटल घालणार नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

शब्दांचा दिवस. सिनेमा गाडीचा आहे, आणि गाडीचे शब्द आपल्याकडे रोजच्या वापरातले आहेत. शब्दकोशातले घेतले की वाक्य मरतं.

झोपायच्या डब्यातल्या दोन बर्थच्या खोलीला मी आधी ‘शयनकक्ष’ लिहिलं होतं. आपल्या रेल्वेच्या फर्स्ट क्लासमध्ये दोन बर्थच्या खोलीला कूपेच म्हणतात. आजोबा रेल्वेत होते, आजीला तो शब्द माहीत आहे. कूपे.

डब्याची व्यवस्था बघणारी बाई. पोलिशमध्ये तिला जो शब्द आहे तो ऐकायला कंडक्टरसारखा लागतो, पण ‘कंडक्टर’ लिहिलं की कोल्हापुरात डोळ्यांसमोर एसटी उभी राहते. ‘टीसी’ही नाही, कारण ती चादरी-उश्याही बघते. ‘अटेंडंट’ केलं. बोलताना प्रवासी तिला ‘बाई’ म्हणतात.

वकिलाची बायको, जी डब्यातल्या पुरुषांशी लाडाने बोलत हिंडते, तिचा प्रश्न वाटला होता तितका कठीण निघाला नाही. इंग्रजीत ‘वकिलाची पत्नी’ असं दोन शब्दांत सांगावं लागतं. पोलिशमध्ये नवऱ्याच्या धंद्यावरून बायकोचं नाव करायची रीत होती, आणि मराठीत तर ती आजही आहे. वकीलीणबाई. एका शब्दात तिचं वय, तिचा थाट आणि नवऱ्याचा हुद्दा आला.

आणीबाणीचा ब्रेक म्हणजे साखळी. “साखळी ओढली.” यावर विचारच करावा लागला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला एका माणसावर. डब्यात रात्रभर झोप न येणारा एक प्रवासी आहे. तो हिटलरच्या जर्मनीतल्या बुखेनवाल्डमध्ये कैदी होता. १९५९ च्या पोलिश प्रेक्षकाला नुसतं नाव पुरेसं होतं, युद्ध संपून १४ वर्षंच झाली होती. मी ‘बुखेनवाल्डची छावणी’ लिहिलं आणि ओळ आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “मग छावणीत ऱ्हाऊन झोप का येत न्हाई त्याला?” तिच्या लेखी छावणी म्हणजे वळिवडे. शाळा, चर्च, दूध घालायला जाणारे तिचे वडील, जीव वाचलेली माणसं. माझ्या पिढीला त्या शब्दाने जे दिसतं, त्याच्या नेमकं उलट तिला दिसतं. ‘छळछावणी’ केलं. अक्षरं वाढली, वाढू देत.

२५ फेब्रुवारी, रविवार

वेळ वाचवायला गेले आणि वाढवून बसले. मॅडमना ऐकायला सोपं जावं म्हणून संगणकाकडून पोलिश आवाजाचा आपोआप मजकूर करून घेतला. स्पष्ट संवाद बऱ्यापैकी आले. पण जिथे कुणी बोलतच नाही तिथेही त्याने वाक्यं लिहिली. सिनेमाभर जॅझची एक धून फिरते: अमेरिकन वादक आर्टी शॉ यांची ‘मूनरे’, आन्जेय त्शास्कोव्स्की यांनी या सिनेमासाठी बांधलेली, आणि तीवर व्हांदा व्हार्स्का यांचा शब्दांशिवायचा आवाज. नुसता आलाप म्हणा. त्या आलापाचं त्या प्रोग्रॅमने शब्दांत रूपांतर केलं होतं. तशा ४० ओळी मी मॅडमना पाठवल्याही. त्यांचा अर्धा दिवस त्यांचा अर्थ लावण्यात गेला. माफी मागितली.

स्टालिनच्या काळात पोलंडमध्ये जॅझकडे संशयाने बघितलं जायचं, १९५६ नंतर ते मोकळेपणी वाजू लागलं. तीन वर्षांनी सरकारी पैशातल्या सिनेमात तो आवाज असा मोकळा फिरतो. तिथे खाली कोणतंही अक्षर नको. “[संगीत]” असंही लिहिणार नाही. आजीचे कान शाबूत आहेत.

९ मार्च, शनिवार

मॅडमकडून तपासलेली पहिली ४०० वाक्यं आली. एका जागी त्यांनी लाल खूण करून लिहिलंय: “मार्ता ‘मी आलो’ का म्हणते?”

मी कोल्हापूरची. इथे आम्ही बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ म्हणतो. घरात आजी, आई, मी, सगळ्याच. भूतकाळातल्या लिंगासाठी ३१० ओळी फेकून दिल्या आणि मग मार्ताच्या तोंडी स्वतःच्याच सवयीने पुरुषी रूपं घातली! एकूण २३ ठिकाणी.

दोन दिवस घोळ चालला. आजीसाठी करतेय तर मार्ता आमच्यासारखी बोलली तर काय बिघडलं? बिघडतं. पॅसेजमधल्या आवाजांत बाई कोण ते क्रियापदावरून कळावं, हीच तर व्यवस्था लावली होती. तिथे मार्ता ‘आलो’ म्हणाली तर सगळी व्यवस्था कोसळते. ‘आले’ केलं. पण अटेंडंटबाईला एकदोन ठिकाणी कोल्हापुरी ठसका ठेवला, जिथे ती पडद्यावर समोर दिसते आणि घोटाळा व्हायचा प्रश्न नाही.

१७ मार्च, रविवार

अक्षरसंख्येचा गोंधळ. तुम्ही मराठी किंवा हिंदी सबटायटलं करणार असाल तर ही नोंद नीट वाचा.

प्रोग्रॅम प्रत्येक ओळीसाठी सेकंदाला किती अक्षरं वाचावी लागतील ते मोजतो आणि मर्यादा ओलांडली की ओळ लाल करतो. मी मर्यादा १७ ठेवली होती. माझ्या निम्म्याहून जास्त ओळी लाल झाल्या. मी घाबरून कापाकापी सुरू केली. सलग पाच रात्री वाक्यं छाटत होते. क्रियाविशेषणं गेली, ‘हो का’, ‘बरं’ गेलं, कोणाकडून, कशासाठी हे तपशील गेले.

मग लक्षात आलं की तो मोजतो ते आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. काना, मात्रा, हलन्त, सगळं तो वेगवेगळं धरतो. ‘तुम्ही’ ही डोळ्याला दोन अक्षरं, त्याच्या हिशोबात सहा. ‘स्त्री’ हे एक अक्षर, त्याच्या हिशोबात सहा. म्हणजे आकडा फुगलेला होता आणि मी त्या आकड्याला भिऊन चांगली वाक्यं कापली.

आता आकडा बंद करून ठेवलाय. आजीला पेपर मोठ्याने वाचायला सांगितला आणि घड्याळ लावलं. ती सेकंदाला जेमतेम दोन शब्द वाचते. तोच माझा नियम: दोन ओळींचं सबटायटल निदान चार सेकंद राहिलं पाहिजे, मग प्रोग्रॅम काही म्हणो.

कापलेली वाक्यं परत घालायला हवी होती. पण जुनी प्रत मी त्याच नावाने जतन केली होती, ती पुसली गेली. आठवून आठवून साठेक ओळी पूर्ववत केल्या. बाकीच्या तशाच राहिल्या. रोज फाइलला तारखेचं नाव द्या.

२४ मार्च, रविवार

होळी. संध्याकाळी पुरणपोळी झाल्यावर लॅपटॉपवर आजीला पहिल्यांदा पूर्ण सिनेमा दाखवला. ती मधे एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “चांगलाय. पर त्यो दुसरा मानूसच खुनी हाय हे त्या बाईला कसं ठावं?”

मला काही कळेना. तिला सगळं समजलं होतं. येझी सर्जन आहे, त्याच्या हातून एक रुग्ण दगावली म्हणून तो असा तुटलाय, हेही तिने बरोबर सांगितलं. फक्त कोडं सुटतं ती कडी निसटली होती.

मी परत जाऊन फाइल उघडली. पोलीस येझीला धरतात कारण संशय त्या बर्थच्या तिकिटावरून त्याच्यावर येतो. पण ते तिकीट मार्ताकडे आहे, आणि मार्ताने ते स्टेशनवर एका माणसाकडून विकत घेतलेलं असतं. तिकीट विकणारा तोच खुनी. म्हणून तो कोण हे एकट्या मार्ताला ओळखता येतं. रहस्याचा सगळा भार सहज बोलून गेलेल्या एका वाक्यावर आहे. आणि मी त्या कापाकापीत ते वाक्य ‘तिकीट स्टेशनवर घेतलं’ एवढंच ठेवलं होतं. ‘एका माणसाकडून’ हे दोन शब्द लाल रंग घालवण्यासाठी उडवले होते.

वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. काव्हालेरोविच यांनी ते वाक्य मुद्दाम बिनमहत्त्वाचं ठेवलंय. डबा गर्दीचा, सगळे आपापल्या गडबडीत, त्यात कुणीतरी तिकिटाबद्दल बोलतं. आपण ते ऐकतो आणि विसरतो. मीही तसंच केलं. सिनेमा दहा वेळा बघूनही मी त्या वाक्याला इतर वाक्यांसारखंच धरलं. भाषांतर करणाऱ्याने मात्र शेवट माहीत असलेल्या माणसासारखंच पहिलं वाक्य लिहायला हवं.

दुरुस्ती: ‘स्टेशनवर एका माणसाने विकलं.’ त्यासाठी आधीचं सबटायटल अर्धा सेकंद लवकर काढलं. मग शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं जात पूर्ण फाइल तपासली: कोणकोणत्या गोष्टी पुढे लागतात, त्या मागे शाबूत आहेत का. अशी आणखी तीन वाक्यं सापडली. रात्रीचे अडीच वाजले.

३१ मार्च, रविवार

अक्षरं फुटली. लॅपटॉपवर सगळं ठीक होतं. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावल्यावर ‘स्टेशन’मधला पाय मोडलेला स वेगळा पडला आणि ‘तिकीट’मधली पहिली वेलांटी त च्या उजवीकडे गेली. टीव्हीच्या प्लेयरला देवनागरी जुळवता येत नाही, फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिप्यांसाठीच्या संकेतात असली तरी. मग अक्षरं चित्रातच छापून टाकायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न ‘एफएफएमपेग’ या व्हिडिओच्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीने, लॅपटॉप पाच तास चालला, आणि त्यातही जोडाक्षरं तशीच फुटलेली. आधी एक मिनिटाचा तुकडा करून बघायला हवा होता. त्या आवृत्तीत देवनागरीची जुळणी करणारा हार्फबझ हा भाग नव्हता. तो भाग असलेली नवी आवृत्ती घेतली, आणि अक्षरं सरळ झाली.

फॉन्ट मुक्ता. अक्षराभोवतीची काळी कड जाड ठेवली तर ‘ष’ आणि ‘ण’ची पोटं बुजतात. पातळ ठेवली तर पांढऱ्या चादरीवर अक्षर दिसत नाही, आणि झोपायच्या डब्यात पांढऱ्या चादरींना तोटा नाही. मधली जाडी काढायला सहा चाचण्या लागल्या. दोन ओळींमधलं अंतरही वाढवावं लागलं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर बसतो.

६ एप्रिल, शनिवार

पाठलागाचा प्रसंग. खुनी साखळी ओढून उतरतो, शेतांतून पळतो, आणि रात्रभर कूपेत कुरकुरणारे सगळे सभ्य प्रवासी पहाटेच्या उजेडात त्याच्यामागे धावतात. क्रूस असलेल्या कबरस्तानात त्याला गाठून त्याच्यावर तुटून पडतात. मग अचानक सगळे थांबतात. कुणी कुणाकडे बघत नाही. गाडीकडे परत चालू लागतात.

इथे मी आरडाओरड्याची प्रत्येक आरोळी लिहिली होती. एकूण १९ सबटायटलं. परत बघताना जाणवलं की मी वाचतेय आणि यान लास्कोव्स्की यांचा कॅमेरा जे दाखवतोय ते हुकतंय. धावणाऱ्या माणसांची तोंडं बघायला हवीत. १९ पैकी १५ काढली. राहिलेल्या चारांनी भागतं.

स्ताशेक झालेले झ्बिग्न्येव्ह त्सिबुल्स्की यांच्याबद्दल एक गोष्ट इथे लिहिते, कारण ती कळल्यापासून त्यांचे प्रसंग मला सरळ बघवत नाहीत. या सिनेमात ते चालत्या गाडीच्या खिडकीला लटकून मार्ताशी बोलायला धडपडतात. जानेवारी १९६७ मध्ये व्रोत्स्वाफच्या स्टेशनवर चालती गाडी पकडताना ते रुळांवर पडले आणि गेले. ३९ वर्षांचे होते. त्यांच्या ओळी पुन्हा एकदा तपासल्या. सगळीकडे ‘तू’ आहे, तसंच ठेवलं.

१४ एप्रिल, रविवार

घरात दाखवला. आजी, आई, शेजारच्या दोन मावश्या, माझ्या तीन मैत्रिणी. हॉलमध्ये, लोकांना बोलावून दाखवायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते का ते आधी बघावं लागेल, ते मी अजून केलेलं नाही. प्रोजेक्टरचं भाडं १,२००. म्हणजे एकूण खर्च ४,५३० अधिक ६,००० अधिक १,२००, बरोबर ११,७३०. दिवस ९८. फाइलमध्ये शेवटी ७८६ सबटायटलं राहिली.

एका मावशींना मध्ये “हा खुनी दिसतोय” असं येझीबद्दल वाटलं आणि त्या तसं मोठ्याने म्हणाल्या. कुणी त्यांना सांगितलं नाही. तिकिटाचं वाक्य आलं तेव्हा मी पडद्याकडे न बघता आजीकडे बघत होते. तिची मान किंचित हलली.

सिनेमाच्या शेवटी गाडी समुद्राशी पोचते, माणसं उतरून जातात आणि रिकाम्या डब्यातून कॅमेरा फिरतो. तिथे एकही शब्द नाही, त्यामुळे माझं काम तिथे संपलेलं असतं. दिवे लावले तरी आजी बसूनच होती. म्हणाली, “तो झोप न येणारा मानूस. त्याला मागनं कुणी इचारलं का, झोप लागली का म्हणून?”

सिनेमात कुणी विचारत नाही, असं मी सांगितलं.

उद्याचं काम: त्याच्या ओळींपैकी एक अजून फार लवकर जाते. तिला आणखी एक सेकंद द्यायचा आहे.